चौदा पन्नास

त्या ऑफिसात कुणाला वेळ विचारायची सोय नव्हती. कँटीन किती लांब आहे, असं एखाद्या नव्या माणसानं विचारलं की समोरचा मानही वर न करता सांगायचा, "शून्य शून्य चार." म्हणजे चार मिनिटं. जेवून कधी येतोस? "शून्य वीस." एकाला मुलगी झाली, तेव्हा बायकोला किती तास कळा आल्या तेही त्यानं तसंच सांगितलं होतं, "अकरा दहा," आणि सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या होत्या. नुसता वेड्यांचा बाजार! पण बिचाऱ्यांचा तरी काय दोष? दिवसभर कामच ते. या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत अंतर किती, वारा कुठून, इंधन किती भरायचं आणि विमान हवेत किती राहणार. आधी तास, मग मिनिटं, मध्ये एक शब्दही जास्तीचा नाही.

धाकटी तिथे एकोणीस वर्षं होती. घरात दोन भावंडं, थोरला तो दादा आणि ही धाकटी, आणि सेहेचाळीस वर्षांची झाली तरी घरच्यांच्या तोंडी तेच नाव. विमानांचे मार्ग आखून द्यायचे आणि ती उतरेपर्यंत पडद्यावर त्यांच्यावर डोळा ठेवायचा, ही तिची नोकरी. जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर विचारा, ती पाच-पन्नास किलोमीटरच्या फरकानं तोंडपाठ सांगायची. लोकांना गंमत वाटायची. तिलाही वाटायची, कारण दुसरं काही तिला इतकं नीट येत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी सातला ती कामावर आली आणि तिनं सगळ्यात आधी एकाच विमानाचा कागद हातात घेतला. त्यात दादा होता.

दादा बारा वर्षांनी घरी येत होता. बारा वर्षांपूर्वी, वडील जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि त्यानं परदेशातली नोकरी धरली. आईनं दारात उभं राहून त्याला सांगितलं, "गेलास तर मला मेलास." जिन्यात मावशी होती, तिनं ऐकलं. धाकटी तेव्हा ड्यूटीवर होती. दादा गेला. फोन यायचे ते धाकटीला आणि मावशीला. आईला एकदाही आला नाही, आणि आईनंही कधी विचारलं नाही. दोघं एकाच मातीची, मोडतील पण वाकणार नाहीत.

आता आई दवाखान्यात होती. फुप्फुसं कामातून गेली होती, तोंडावर मास्क होता, आणि श्वासाचे हाल होऊ नयेत म्हणून डॉक्टरीणबाईंनी झोपेचं औषध चालू ठेवलं होतं. ते सुरू व्हायच्या आधी आईनं मास्क बाजूला सारून मावशीला बजावलं होतं, "त्याला बोलवा. तो आला तरच मला उठवा. मी त्याला जे बोलले ना, ते मला मागे घ्यायचंय. त्याच्या तोंडावर."

डॉक्टरीणबाईंनीही स्वच्छ सांगितलं होतं. औषध कमी केलं की तासाभरात त्या जाग्या होतील. पाऊण तास बोलतील, फार तर. मग श्वास लागेल आणि औषध पुन्हा वाढवावं लागेल. "पण एकदाच हं. दुसऱ्यांदा त्या उठणार नाहीत. तेव्हा मुलगा नक्की कधी पोचतोय ते कळल्याशिवाय घाई करू नका."

मावशी म्हणाली होती, "धाकटे, आज तरी रजा घे गं." धाकटी म्हणाली, "मी दादाच्या विमानावर लक्ष ठेवते. उतरला की त्याला घेऊनच येते." ऐकायला किती छान! खरं कारण वेगळं होतं. त्या खोलीत तिचा जीव गुदमरायचा. मास्कमधून येणारा तो फसफस आवाज, चादरीवरचे आईचे ते वाळलेले हात. नऊ दिवसांत ती दोनदा गेली होती, दोन्ही वेळा पंधरा मिनिटं, आणि दोन्ही वेळा काहीतरी निमित्त काढून निघून आली होती. इथे निदान आकडे होते. आकड्यांची तिला भीती वाटत नव्हती.

तिनं कागद वाचला. बारा हजार सातशे किलोमीटर. वारा समोरून. रात्रपाळीवाल्यानं तीन चाळीसला विमान रवाना केलं होतं, वेळेवर. हवेतला वेळ चौदा पन्नास. म्हणजे संध्याकाळी साडेसहाला चाकं जमिनीला लागणार, आणि सामान, कागदपत्रं, रस्ता धरून पावणेआठपर्यंत दादा आईच्या उशाशी.

मग तिनं मावशीला फोन लावला. काम सुरू झालं की मोबाइल बाहेरच्या कपाटात कुलपात ठेवायचा असा नियम होता, म्हणून ती कपाटापाशी उभी राहूनच बोलली.

"मावशी, दादाचं विमान सुटलं बरं का. काही काळजी नाही. चौदा पन्नास."

"चौदा पन्नास?"

"हो."

"बरं बाई. लिहून घेतलं."

घोळ झाला तो इथेच, आणि दोघींपैकी एकीलाही त्याचा वास आला नाही. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, चौदा पन्नास म्हणजे काय गं, जरा माणसासारखं सांग की! पण मावशी कोण? एकतीस वर्षं गजबजलेल्या एस.टी. स्टँडवर खिडकीत बसून कर्ण्यावरून गाड्यांच्या वेळा पुकारलेली बाई. आठ पाच, अकरा वीस, सतरा चाळीस. तिच्या कानाला चौदा पन्नासचा एकच अर्थ माहीत होता: दुपारी तीनला दहा कमी. त्यात विचारण्यासारखं काय होतं? तिनं औषधाच्या चिठ्ठीमागे ठळक अक्षरात '१४.५०' लिहिलं आणि खाली रेघ मारली. ती विमानात कधी बसली नव्हती. पहाटे निघालेला माणूस दुपारी येतो, यात तिला काही वावगं वाटलं नाही.

दहा वाजता डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. मावशीनं चिठ्ठी दाखवली. "चौदा पन्नासला उतरतोय. धाकटी तिथेच असते, ती त्याला लगेच बाहेर काढेल. चारच्या आत इथे." डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं, नर्सला सांगितलं, "पावणेतीनला औषध कमी करायला सुरुवात करा."

इकडे धाकटीची सकाळ बरी चालली होती. पडद्यावर दादाचं विमान समुद्रावरून मुंगीच्या पावलानं सरकत होतं. दहा विमानं तिच्याकडे होती, पण डोळा राहून राहून त्याच एका ठिपक्यावर जायचा. अकराच्या सुमाराला वारा वाढला. समोरून आधी धरला होता त्यापेक्षा जोरात. चौदा पन्नासचे चौदा अठ्ठावन्न झाले, मग पंधरा शून्य पाच. पंधरा मिनिटं, एरवी तिनं त्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. आज मात्र तिनं बेरीज पुन्हा करून पाहिली. उगाच. तिनं इंधनाचा आकडा पाहिला, भरपूर होतं. हवामान पाहिलं, निरभ्र होतं. सगळं बिनचूक होतं, तरी मन काही ठिकाणावर येईना. तिनं स्वतःलाच दटावलं, "पुरे झालं गं तुझं," आणि पुढच्या विमानाचा कागद ओढला.

जेवायलाही ती उठली नाही. तीनला उठायचं म्हणाली, तेवढ्यात एक विमान आजारी प्रवाशामुळे परत फिरलं आणि त्याचं निस्तरण्यात वीस मिनिटं गेली. मग ती कपाटापाशी गेली आणि तिनं मोबाइल काढला.

मावशीचे अकरा फोन येऊन गेले होते.

एवढ्या फोनांचा अर्थ एकच असू शकतो, असं तिला वाटलं. आई गेली. तिनं कपाटाच्या दाराला धरून फोन लावला.

"अगं कुठे आहेस!" मावशी कुजबुजत होती, पण आनंदानं. "आहात कुठे दोघं? आई हलायला लागली. डोळे किलकिले करतेय. दादाला म्हणावं, पाय उचल जरा!"

धाकटीला क्षणभर काही कळेचना. "डोळे उघडतेय म्हणजे? का?"

"का काय? औषध कमी केलं ना पावणेतीनला. चौदा पन्नासला उतरला ना तो?"

काय झालं ते धाकटीला एका क्षणात कळलं, वरपासून खालपर्यंत सगळं. "मावशी," ती म्हणाली, "चौदा पन्नास ही वेळ नव्हती. चौदा तास पन्नास मिनिटं लागणार होती. दादा अजून समुद्रावर आहे. अजून साडेतीन तास."

पलीकडे चिठ्ठीचा कागद खसखसला.

"अगं देवा," मावशी म्हणाली. "मी काय करून बसले गं हे."

"तू नाही. मी. डॉक्टरीणबाईंना दे."

डॉक्टरीणबाई आल्या. धाकटीनं विचारलं, परत झोपवा ना, साडेचारच तास, आठपर्यंत. हे विचारतानाच तिला उत्तर माहीत होतं. "आता औषध वाढवलं तर तीच शेवटची झोप," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, आणि त्यामुळे ते जास्तच भयंकर वाटलं. "पाऊण तास आहे तुमच्याकडे. कमीच धरा."

मग मावशी पुन्हा फोनवर आली, आणि आता ती रडत होती. आई पूर्ण जागी झाली होती. तिनं पहिल्यांदा दाराकडे पाहिलं होतं, मग खुर्चीकडे, मग मावशीकडे. तो आला तरच उठवा, असं तिनंच सांगितलेलं. उठवलं म्हणजे तो आला. आणि खोलीत तर तो कुठेच नव्हता.

"मी सांगितलं तिला, विमानात आहे, येतोय, रात्री आठपर्यंत पोचेल. तर मान हलवते नुसती. म्हणते, 'समजूत काढू नका माझी. तो आलाच नाही.' धाकटे, ही असंच मनात घेऊन जाणार गं!"

दवाखाना पस्तीस मिनिटांवर होता. गाडी खाली उभी होती. किल्ली तिच्या खिशात होती आणि तिचा हात किल्लीवर गेलासुद्धा. पण जाऊन ती काय सांगणार? तेच, जे मावशीनं सांगितलं. आणि आईनं त्यावर विश्वास का ठेवावा? दादा विमानात आहे हे एकट्या दादाच्या तोंडूनच खरं वाटलं असतं.

ती धावत आत आली. हातात मोबाइल तसाच चालू. सगळ्या खोलीनं माना वळवल्या, कारण तिथे मोबाइल आणणं म्हणजे भलतंच धाडस होतं. ती खुर्चीत बसली, मोबाइल कानाशी धरला आणि म्हणाली, "मावशी, फोन आईच्या कानाला लाव. आई, मी बोलतेय. दादा विमानात आहे. माझ्यासमोर दिसतंय ते विमान. मी आत्ता त्याला निरोप पाठवू शकते. काय विचारू? तुला खात्री पटेल असं काहीतरी सांग."

फसफस आवाज. मग आईचा आवाज, इतका बारीक की धाकटीनं दुसरा कान बोटानं बंद केला.

"विचार त्याला... जाताना मी दारात काय म्हटलं."

विमानाला मजकूर पाठवायची सोय त्या ऑफिसात होती. हवामान, बदललेला मार्ग, इंधन, असल्याच गोष्टींसाठी. मजकूर टाइप केला की वर वैमानिकांच्या खोलीत तो दुकानातल्या बिलासारख्या पट्टीवर छापून यायचा. घरगुती निरोप पाठवायचे नाहीत, हा नियम. पाठवलेलं प्रत्येक अक्षर जपून ठेवलं जायचं. धाकटीनं एकोणीस वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. आता तिनं इंग्रजी लिपीत, मोठ्या अक्षरांत, मराठीतच टाइप केलं: आई जागी आहे. वेळ थोडा आहे. विचारते, जाताना दारात मी काय म्हटलं. लगेच कळव. वर वैमानिकाला दोन ओळींत विनंती, प्रवाशाचं नाव आणि आसन.

"थांबा," मागून आवाज आला. पाळीप्रमुख होते ते. ऑफिसात त्यांना नियमसाहेब म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. त्यांनी पडद्यावरचा मजकूर वाचला, मोबाइलकडे पाहिलं, धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं. तिला वाटलं, आता संपलं. त्यांनी वाकून प्रवाशांची यादी उघडली. "बेचाळीस क," ते म्हणाले. "तुम्ही एकेचाळीस लिहिलंय." आणि ते तिथेच उभे राहिले.

तिनं आकडा सुधारला आणि पाठवलं.

आता वाट पाहायची. कुणाला सांगूनही पटणार नाही अशी ती वाट. वर कुणीतरी पट्टी फाडली असेल, हवाई सुंदरीला बोलावलं असेल, ती अंधारलेल्या विमानातून बेचाळीसपर्यंत चालत गेली असेल, दादा झोपला असेल, त्याला हलवलं असेल. दोन मिनिटं. पाच. कानात मास्कचा आवाज, आणि तो आता भराभर येऊ लागला होता. मध्येच मावशी म्हणाली, "ओठ निळे पडायला लागलेत गं." सात मिनिटं. नियमसाहेबांनी तिच्या दुसऱ्या विमानाचा वाजणारा फोन स्वतः उचलला. नऊ मिनिटं. ठिपका पडद्यावर एक बोटभरही पुढे गेला नव्हता. दादानं उत्तर द्यायचं नाही ठरवलं तर? बारा वर्षं गप्प बसलेला माणूस, त्याला काय अशक्य होतं? गेलास तर मला मेलास, हे शब्द तो एका अनोळखी बाईला लिहून देणार होता, दोनशे माणसांत बसून?

अकराव्या मिनिटाला पडद्यावर ओळ उमटली.

धाकटीनं ती वाचली. मग तिला पुन्हा वाचावी लागली, कारण अक्षरं डोळ्यांपुढे पुसट झाली होती.

"आई," ती म्हणाली. "आई, ऐकतेस ना? दादानं उत्तर दिलंय. जसंच्या तसं वाचते. 'आठवत नाही. तिला सांग, मला काहीच आठवत नाही.'"

फसफस आवाज एकदम अडखळला. मग धाकटीच्या ध्यानात आलं की आई हसायचा प्रयत्न करतेय.

"तोच आहे," आई म्हणाली. "मेला, लहानपणापासून खोटारडा. तोच आहे." दोन श्वास घेतले. "येतोय म्हणजे."

"येतोय आई. खरंच येतोय."

"त्याला लिही. मलाही... आठवत नाही म्हणावं."

धाकटीनं एका हातानं ते टाइप केलं आणि पाठवलं. तिला वाटलं, झालं. जमलं. एवढ्या लांबून, एवढ्या पाण्यावरून, एका चुकीच्या आकड्यानंतरही जमलं. ती खुर्चीत मागे टेकली आणि तिला हुंदका आला, सुटकेचा. नियमसाहेबांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

"धाकटे," आई म्हणाली.

"बोल आई."

"तू कुठून बोलतेस गं? तूही विमानात?"

"नाही आई. मी ऑफिसात आहे."

"कुठे ते? लांब?"

"नाही गं. पस्तीस मिनिटं. फक्त पस्तीस."

आईचे श्वास आता इतके जवळजवळ येत होते की त्यांच्यामध्ये शब्दाला जागाच उरली नव्हती. तरी तिनं एका श्वासातून जागा काढली. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. आपल्याच माणसाला विचारतात तसं, नवल वाटून विचारलं.

"मग तू का नाही आलीस?"

पलीकडे डॉक्टरीणबाई नर्सला काहीतरी भरभर सांगत होत्या आणि भांडं पडल्यासारखा आवाज झाला.

धाकटी उठली. खुर्ची मागे आपटली. खिशातून किल्ली काढत, मोबाइल कानाशी घट्ट धरून ती दाराकडे पळत म्हणत सुटली, "निघाले आई, हे बघ, निघालेच, आलेच मी, थांब थोडी, आई, ऐकतेस ना?"

"धाकटे," पलीकडून मावशी म्हणाली. "फोनवर आता मीच आहे गं."